आबांचा कार्यक्रम आणि माझी छत्री

आमच्या घरात विज्ञान फक्त मला कळतं.

म्हणूनच शेतीच्या कार्यक्रमात झळकणारे माझे सासरे, आबा, स्वतःला बघायला चाळीसगावकडच्या खेड्यातून मुद्दाम जळगावला आमच्याकडे आले. (गावात विजेचा भरवसा नाही, जावयाचा आहे, असा त्यांचा समज!) उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच टीव्हीवर दिसणार, म्हणून नवी टोपी घालून ते सोफ्यावर ताठ बसले.

निवेदिका म्हणाली, "आज आपण भेटणार आहोत..." आणि बाहेर धो धो पाऊस! पडद्यावर आधी चौकोन नाचले, मग सिग्नल नसल्याची निळी पाटी आली.

"जावाईबापू, बठ्ठं निळं शे! मी कोठे शे?" सगळ्या निळ्या पडद्यात स्वतःला शोधत आबा कासावीस झाले.

"काळजी सोडा, आबा! उपग्रहाच्या लहरी फार बारीक असतात. पावसाचे थेंब त्या वाटेतच गिळतात. थेंब अडवले की झालं!"

मी रेनकोट चढवला, छत्री घेतली आणि गच्चीवर जाऊन डिशसमोर धरली. (वरचं कोसभर पावसाळी आभाळ तसंच सोडून मी शेवटचं हातभर अंतर कोरडं ठेवत होतो!)

"आलं का?"

"नाही!" खालून बायको ओरडली.

मी छत्री आणखी जवळ नेली.

"आता?"

"अजिबात नाही!"

मग मी अंगातला रेनकोट काढून डिशलाच गुंडाळला. स्वतः भिजलो, पण विज्ञानापुढे सर्दीची काय पर्वा!

पाऊस थांबला. बऱ्याच वेळाने शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "अहो, तुमचे सासरे किती छान बोलताहेत!"

"तुमच्याकडे दिसताहेत?"

"केव्हाचे!"

मला हुरूप आला. झाडावरून अजून थेंब गळत होते आणि मी गाफील राहणारा माणूस नाही. छत्री आणखी घट्ट धरली.

तेवढ्यात बायको वर आली. "अहो, डिशला रेनकोट कोणी घातला?" तिने तो ओढून काढला, छत्री हिसकावली आणि मला बाजूला ढकललं.

खाली लगेच चित्र आलं. मी धावत उतरलो, तर पडद्यावर आबांचे फक्त जोडलेले हात, "धन्यवाद, आबा," आणि लगेच खताची जाहिरात!

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पानी त कव्हयच थांबी गयं, बापू," ते शांतपणे म्हणाले. "तुम्हीच आडे उभा व्हतात."

हल्ली आभाळ भरून आलं की आमच्याकडे आधी गच्चीच्या दाराला कुलूप लागतं, मग मला टीव्हीसमोर बसवतात!