आर्वी ते भोपाळ, एका सेन्सरपायी

पहाटे पाचला आर्वी सोडली तेव्हा गाडीचा आवाज इतका गोड येत होता, की मला माझाच अभिमान वाटला. आता ते आठवलं की कान गरम होतात.

मी आठवीतून शाळा सोडली. गणितात दशांश चिन्ह आलं आणि हा घरी आला, असं आई सांगते. तेव्हापासून रमेशभाऊंच्या गॅरेजमध्ये आहे. कार्बोरेटरची गाडी मी नुसत्या कानानं लावतो. पण तशा गाड्या आता आठवड्याला दोनच येतात, दोघांचं त्यात भागत नाही. भाऊ मला काढणार नाहीत हे खरं. पण दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकर माझ्याकडे सरकवतात, ती का, हे मला कळतं.

भाऊंच्या ओळखीचे मोघेकाका मूळ आर्वीचेच. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात मीटर दुरुस्तीच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आता कारखान्याच्या टाउनशिपच्या, म्हणजे वसाहतीच्या, फाटकासमोर त्यांचं घर आहे आणि अंगणात इंजेक्शनच्या गाड्यांचं (संगणकानं पेट्रोल सोडणाऱ्या) छोटं गॅरेज. त्यांना एक माणूस हवा होता. भाऊंनी फोनवर सांगून टाकलं, "आमचा दिनेश इंजेक्शनचं बी करते." स्वतःची इंजेक्शनची मोटरसायकलही दिली मला. "हिच्यावरच जा. गाडी पाहूनच ते तुले घेतीन बाप्पा."

म्हणूनच निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तो उपद्व्याप केला. मूठ किती पिळली हे गाडीच्या संगणकाला कळवणारा अंगठ्याएवढा एक भाग असतो, थ्रॉटल सेन्सर. त्याचे दोन स्क्रू सैल केले, आवाज ऐकत ऐकत तो जरासा फिरवला आणि आवाज छान लागला तिथे आवळला. कार्बोरेटर लावतात तसा.

वरूडपर्यंत संत्र्याच्या बागांमधून मजेत गेलो. मुलताईला चहा घेतला. बैतूलच्या पुढे बरेठा घाट लागला आणि गाडी अडखळायला लागली. मूठ पिळली की क्षणभर दम कोंडायची, मग एकदम झटका द्यायची. मागून ट्रक हॉर्न देतोय, एका बाजूला सागाचं जंगल, आणि मी हँडल धरून गाडीला विनवतोय. एका वळणावर थांबून पेचकस काढलाही. पण फिरवण्याआधी सेन्सर नेमका कुठे होता, तेच मला ठाऊक नव्हतं. पेचकस परत खिशात गेला.

नर्मदेच्या पुलावर लोक नाणी टाकत होते. मी नुसते हात जोडले.

दुपारी तीनला भोपाळ. इथल्या एका स्टेशनचं नाव बदललं तरी रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून हबीबगंजच आहे. तिथल्या सिग्नलला गाडी बंद पडली, एकदा नाही, तीनदा. शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "क्यों खां (भोपाळात सगळ्यांनाच खां म्हणतात), इसको हिचकी लगी है क्या? पानी पिलाओ!" आजूबाजूचे हसले. मग तोच उतरला, गाडी कडेला ढकलून दिली आणि टाउनशिपचा रस्ता हातानं हवेत काढून दाखवला.

टाउनशिप म्हणजे गावात दुसरं गाव. रुंद रस्ते, दोन्हीकडे आंब्याची झाडं, एकाच साच्यातून काढल्यासारखे क्वार्टर. कारखान्याचा भोंगा झाला आणि सायकली, स्कूटरी, बसची एक नदीच फाटकातून बाहेर आली. हे सगळे शिकलेले, असं मनात आलं.

मोघेकाका घराच्या फाटकातच उभे होते. उंच, शांत. गाडी हिसके देत त्यांच्यापुढे थांबली.

"रस्त्यात बिघडली," मी म्हणालो. हे खोटं माझ्या तोंडून आपोआप निघालं.

ते वाकले, सेन्सरकडे पाहिलं आणि म्हणाले, "असं का? गाडी गरम आहे. उद्या बघू. आधी जेव."

काकूंनी वरणभात वाढला आणि वर शेव घातली. "इथे सगळ्यावर शेव टाकतात रे. मी पण बिघडले. और ले ना, शरमाऊ नकोस." ज्या माणसाशी खोटं बोललो, त्याच्याच घरचं मी जेवत होतो.

सकाळी काकांनी पोहे-जिलेबी आणली. गोड आणि तिखट एकाच बशीत. पहिला घास घ्यायच्या आधीच मी बोलून टाकलं. "काका, रस्त्यात नाही बिघडली. मीच सेन्सर फिरवला. कानानं. मला इंजेक्शनचं काही येत नाही."

"माहीत आहे. स्क्रूवर कंपनीची पिवळी खूण असते, ती मोडली होती," काका म्हणाले. "तू सांगतोस का, एवढंच बघत होतो. खा आता."

मग अंगणात गेलो. त्यांनी चावी फिरवली, इंजिन बंदच ठेवलं, सेन्सरच्या तारेला मीटर लावला. "वाच."

"ब्याण्णव," मी म्हणालो.

"आधीचं टिंब?"

आठवीतलं तेच टिंब. काकू ओट्यावरून कप घेऊन आल्या. "हा भरला की एक. अर्धा भरला की पॉइंट पाच. तुझं ब्याण्णव म्हणजे काठापर्यंत आलेला चहा. आता कळलं?"

कळलं. आठवीच्या बाकावर कोणी कप आणला असता तर!

"या गाडीला मूठ बंद असताना पॉइंट सहा व्होल्ट हवेत," काका म्हणाले. "अर्ध्याच्या जरा वर. तुझ्या गाडीला वाटतंय, मूठ उघडीच आहे." मग खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि सेन्सरपासून गाडीच्या अंगावर एक लाल रेघ ओढली. "आधी खूण, मग पेचकस. चुकलास तर परत तरी येता येतं."

"माझी एकही नेलपॉलिश मला कधी पुरली नाही या घरात," काकू म्हणाल्या.

रेघ वाकडी आली होती. काकांचा हात थरथरतो, हे मला तेव्हा दिसलं. पेचकस त्यांनी माझ्याकडे दिला.

मी सेन्सर केसभर फिरवला. पॉइंट सहा. स्क्रू आवळला, आकडा सरकून पॉइंट चौसष्टवर गेला. पुन्हा सैल केला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बोटांना कळलं, की आवळताना स्क्रू त्याला ओढतो. मी त्याला मुद्दाम जरा मागे ठेवलं, पॉइंट छप्पन्नवर, आणि आवळलं. पॉइंट सहा. टिंबासकट वाचलं.

काकांनी मीटर काढून ठेवला. "चक्कर मारून ये," एवढंच म्हणाले.

टाउनशिपच्या आंब्यांखालून फिरून आलो. गाडीनं ना हिसका दिला, ना ती कुठे बंद पडली. परत आलो तर काकांनी ती लाल बाटली माझ्या हातावर ठेवली. "आकडे मी शिकवीन. माझ्या हातांचं काम तू करायचंस. एक तारखेला येशील?"

मी खाली वाकून नमस्कार केला. डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसू नये म्हणूनही.

परतीला बरेठा घाट कधी संपला, कळलंही नाही. जाताना मी फक्त गाडी ऐकली होती. या वेळी सागाच्या जंगलातले पक्षी ऐकू आले. दोन दिवसांत मी फार लांब गेलो नव्हतो. तरी आठवीच्या वर्गातून बाहेर पडल्यावर पहिल्यांदाच कुठेतरी पोचल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आर्वीत रमेशभाऊंनी गाडी सुरू केली, कान दिला आणि सवयीनं पेचकस उचलला. "रेस जराशी वाढवू का रे?"

मी खिशातून लाल बाटली काढली. "वाढवा भाऊ. पण आधी खूण करू."

भाऊंनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेचकस खाली ठेवला. "कवा जायचं हाय तुले?" त्यांनी विचारलं, आणि डब्यातली भाकर माझ्याकडे सरकवली.