अक्काला दिलेलं बेणं

नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही – ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझ्या गावचे नाही, म्हणून असेल. ऐकून मला दुष्ट म्हणालात तरी चालेल. मी आहेच.

आमचं गाव धुळ्याजवळ, पांझरेच्या काठी. कमलअक्का माझी थोरली जाऊ. घरं वेगळी झाली, वावरं वेगळी झाली, पण दादर पेरताना पहिली मूठ दोन्ही घरांची मिळून एकच टाकायची. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, माणसांना भाकरी आणि गुरांना कडबा. बाकी पेरणी ट्रॅक्टर करतो, ती एक मूठ मात्र घरच्या बाईची.

दरवर्षी अक्काच टाकायची. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, यंदा धाकटीला टाकू द्या. मी मुठीत दाणे घेतले आणि वाकले – तोच अक्काने माझं मनगट धरलं. मजूर उभे होते, ट्रॅक्टरवाला होता. सगळ्यांसमोर म्हणाली, “तू नको टाकू व. तुना हातनं काय उगी?”

लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. काय म्हणायचं ते सगळ्यांना कळलं. मग तिने माझी मूठ उघडली – एकेक बोट करून – आणि दाणे काढून घेतले. सासूबाई जमिनीकडे बघत राहिल्या. मी घरी आले आणि त्या सगळ्यांसाठी भाकऱ्या थापल्या.

मी विसरेन असं तिला वाटलं असेल. ती स्वतः विसरलीच होती, नाहीतर उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे हत्तीगवताचं बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, मागायला आली असती का? तिची म्हैस नुकतीच व्यायली होती, हिरवा चारा हवा होता. आमच्या विहिरीजवळ माझ्या हातचं गवत डोक्याच्या वर वाढलेलं. गवताचं बेणं मागणाऱ्याला आमच्यात नाही म्हणत नाहीत, पैसेही घेत नाहीत. मी हसून हो म्हणाले.

आता ऐका. त्या गवताच्या कांडीला पेरापेरावर डोळा असतो, पानाच्या देठाखाली झाकलेला. त्याच्यातूनच कोंब येतो. गोठ्यामागे बसून मी पोती शिवायचं दाभण घेतलं. पान जरा उचलायचं, डोळ्यात दाभण घालून फिरवायचं, पान परत दाबून बसवायचं. वरून काही दिसत नाही. एक कांडी झाली, दुसरी झाली – अख्खी मोळी केली. थांबावंसं वाटलं का? नाही. मला तिची बोटं आठवत होती, माझी मूठ उघडणारी.

त्याच दिवशी त्याच गवताच्या बेटातल्या धडधाकट कांड्या मी समोरच्या नानांना दिल्या. मुद्दाम. उद्या कोणी बेण्याला नाव ठेवू नये म्हणून.

नानांचं गवत पंधरा दिवसांत हिरवं झालं. अक्काच्या वाफ्यात काहीच नाही. ती रोज पाणी द्यायची, बोटाने माती उकरून बघायची. बांधावरून ते बघताना माझा जीव थंड व्हायचा. कोणी म्हणालं पाणी कमी पडलं, कोणी म्हणालं जमीन खारवट. मग ती दुसऱ्यांदा बेणं मागायला आली. पहिल्यांदा राग होता असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा? – दुसऱ्यांदाही मी दाभण काढलं.

तेही उगवलं नाही, तेव्हा गावातल्या बायकाच म्हणू लागल्या, कमलच्या हाताचा गुण गेला. मी मात्र उन्हाळाभर तिच्या म्हशीसाठी रोज एक भारा कापून दिला. जाऊ असावी तर अशी, म्हणाले लोक.

पुढच्या पेरणीला अक्काने दाण्यांचं सूप माझ्या हातात दिलं. तेच मजूर होते, तोच ट्रॅक्टरवाला. खाली मान घालून म्हणाली, “मना हातले गुण नही ऱ्हायना. आते तूच टाक.” सांगायची वेळ तीच होती. नाही का? मी मूठ भरली आणि टाकली. तेव्हापासून दरवर्षी मीच टाकते.

अक्काने नंतर मातीत बी घातलं नाही. मेथी नाही, कोथिंबीर नाही. दारातली तुळस वाळली तर ती बदलायलाही मला हाक मारते. सुनेला म्हणते, काकूच्या हातनं लावून घे.

यंदा नवरात्रात तिच्या घरचे घट मीच पेरले. माती भिजवली, दाणे टाकले, ती बाजूला हात मागे घेऊन उभी. नवव्या दिवशी बघायला गेले तर कोंब वीतभर आलेले. अक्काने आधी देवीला हात जोडले, मग माझा उजवा हात धरून कपाळाला लावला. दाभण धरलं होतं तोच हात.

मी तो काढून घेतला नाही. मला बरं वाटत होतं.