ताई स्लेजमध्ये होती

हे मी आजवर कुणापाशी बोललेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी स्कॉटलंडमधल्या एका स्की सेंटरवर काम करते. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सची आयटीतली नोकरी सोडून इथे आले तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. काम काय, तर डोंगरावरच्या कॅफेचं सामान – दूध, ब्रेड, गॅसचे सिलिंडर – स्नोमोबाइलच्या मागे स्लेज जोडून वर ओढत न्यायचं. पुढे बर्फावर धावणारी मोटरसायकल आणि मागे बिनचाकांची हातगाडी, असंच समजा. मला हे काम आवडतं. अजूनही आवडतं, याची कधीकधी लाज वाटते.

ताई लंडनमधल्या हॅरोहून चार दिवस राहायला आली होती. माझी सख्खी मोठी बहीण, सर्जन. तिचं कौतुक ऐकतच मी वाढले – आणि खरं सांगू? ती आहेच तशी. त्या सकाळी मला सामान चढवायला मदत करताना हसत म्हणाली, "मनू, एवढं शिकून शेवटी दुधाचे क्रेट ओढतेस होय गं!"

चिडवत होती, बस. मीही हसले. पण आतून अशी पेटले होते की काय सांगू.

मग तिला स्लेजमध्ये बसून वर यायचं होतं. सामानाच्या स्लेजमध्ये माणूस बसवायचा नाही, असा नियम आहे. तो मी मोडला. त्याबद्दल साहेबांची बोलणी खाल्ली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. अर्ध्या चढावर जोडणीची पिन तुटली आणि स्लेज सुटली, हेही ठाऊक आहे. इंजिनाच्या आवाजात मला कळलंच नाही, असं मी सांगितलं. सगळ्यांना पटलं. बिचारीला कसं कळणार?

कळलं होतं.

मागचं ओझं सुटलं की गाडी एकदम पुढे उसळते. रोज ओढणाऱ्या बाईला ते कळणार नाही? मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मनात काय आलं माहितीये? – बस आता तिथेच बर्फात, मी येते सावकाश. सख्ख्या बहिणीबद्दल! ती मी होते? मीच होते. गाडीवर दुसरं कुणी नव्हतं.

वर पोचून हेल्मेट काढलं आणि खाली पाहिलं, तर स्लेज कुठेच दिसेना. तशीच गाडी वळवली. ती सापडली पार खाली, ओढ्याच्या घळीत, उलटी. ताईचा खुबा मोडला होता. आता तिला फार वेळ उभं राहवत नाही. ऑपरेशन करणं तिनं सोडलं. जे तिला सगळ्यात जास्त आवडायचं, ते.

हॉस्पिटलमध्ये मी तिच्या उशाशी बसले होते. तिनं माझा हात धरला आणि उलट माझीच समजूत घालायला लागली. म्हणाली, "अगं, सुटल्यावर स्लेज थांबली होती. म्हटलं, तू वळशीलच. किती हाका मारल्या तुला! मग उतरायला गेले आणि ती घसरली. त्या आवाजात तुला ऐकू तरी कसं येणार? तुझा काय दोष?"

मी मान हलवली.

वळणावर गाडीचा वेग कमी करावा लागतो. इंजिनाचा आवाज पडतो. मला तिची हाक स्वच्छ ऐकू आली होती – "मनू, थांब!" ती ऐकून मी वेग वाढवला.