राखणदाराचा नारळ, लाइव्ह

पुण्याच्या नोकरीत मी दुसऱ्यांच्या मालासाठी कार्यक्रम भरवायची. हॉटेलात भरवले की लोक नाश्त्याला येतात आणि ऑनलाइन भरवले की कॅमेरा बंद करून भाजी चिरतात, एवढं ज्ञान गाठीशी बांधून मी रत्नागिरीला परत आले. वडिलांनी आपली हापूसची बाग कराराने द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. कराराने म्हणजे कलमं आपली, पण मोहोरापासून पेटीपर्यंत सगळा कारभार दुसऱ्याचा; आपण पडवीत बसून आपल्याच बागेतले टेम्पो जाताना बघायचे. मी एक हंगाम मागून घेतला. थेट गिऱ्हाईक मिळालं तर बाग आपल्याकडे, नाहीतर पावसाळ्यात करार. वडील म्हणाले, "बघ." आमच्या घरात याला भाषण म्हणतात.

थंडीत पुण्याच्या एका प्रदर्शनात टेबल घेतलं. आंबा तेव्हा मोहोरात, म्हणून चवीला आंबापोळी ठेवली आणि पेट्यांची आगाऊ नोंदणी. लोक तुकडा घेत, "देवगडचा का?" विचारत, दुसरा तुकडा घेऊन पुढे जात. वडील मागे खोक्यावर बसले होते. एका बाईंनी त्यांनाच गाठलं, "काका, आंबे गोड निघतील ना नक्की?"

"आता कुठं मोहोर आलाय," वडील म्हणाले. "तो टिकला तर फळ. गोडीचं मग बघू."

बाई हसल्या आणि शेजारच्या टेबलाकडे वळल्या. तिथला माणूस गोडीची हमी देत होता. परतीच्या वाटेवर मी बराच वेळ बोलले नाही. वडिलांना ते कळलंही नसावं, कारण गप्प बसणं ही त्यांच्या लेखी खास गोष्ट नव्हतीच.

तरीही थोडी नोंदणी झाली आणि बऱ्यापैकी फोन नंबर जमले. त्या सगळ्यांना मी पहिल्या तोडीचं ऑनलाइन आमंत्रण धाडलं. आमच्याकडे पहिला आंबा उतरवायच्या आधी राखणदाराला नारळ देतात. हा राखणदार म्हणजे बागेच्या कोपऱ्यात, चिऱ्याच्या चौथऱ्यावर ठेवलेला एक दगड. वडील त्याच्यापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालतात आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणतात. शहरातल्या लोकांना हे आवडणार, याबद्दल मला शंका नव्हती. मी फोन स्टँडवर लावला, कोन साधला. कोणाच्या घरचा कुकर शिट्ट्या मारायला नको म्हणून पाहणाऱ्या सगळ्यांचे आवाज बंद केले. बागेतल्या नेपाळी गड्यांनाही मागे उभं करून गप्प राहायला सांगितलं. नोकरीत मी हे असंच करत आले होते.

वडिलांनी टोपी नीट केली आणि हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा, आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत..."

आणि थांबले.

गडी माझ्याकडे बघत होते, मी वडिलांकडे आणि वडील दगडाकडे. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ऐन वेळी ते डोक्यातून साफ गेलं होतं.

"मानसं हायत ना गो त्यात?" त्यांनी फोनकडे मान उडवली. "मग गप का?"

"त्यांचे आवाज मी बंद केलेत, बाबा."

"लोकांना बोलावलंस आनि तोंडं बांधलीस?"

हेही सगळ्यांनी ऐकलं. मी सगळ्यांचे आवाज चालू केले. कुकर खरोखरच वाजला, कोणाचा तरी टीव्ही बातम्या सांगत होता. वडिलांनी पहिल्यापासून सुरुवात केली. एक पुरुषी आवाज चाचरत "होय महाराजा" म्हणाला. मग बाकीचे आले, पण एकत्र नाही. ज्याच्या नेटला जेवढा वेळ लागेल तेवढ्याने, एकामागून एक. वडील शेवटचा आवाज येईपर्यंत थांबत आणि मगच पुढचं बोलत.

पुढचं जे बोलले, ते मी महिनाभर जाहिरातीतून गाळत आले होते. पहिला मोहोर थ्रिप्सच्या किडीनं खाल्ला. गेल्या साली काही फळांत साका निघाला, म्हणजे वरून पिवळं आणि आत पांढरं. तो यंदाही निघंल, माणसाला तो दिसत नाही, तुला दिसतो, तू सांभाळ. होय महाराजा. मी स्टँडचा पाय धरून उभी होते. नोंदणी बुडाली, असंच मला वाटत होतं.

"आनि माझी लेक चांगली नोकरी टाकून आली हाय. ती काय करते ता मला कळत नाय. पन तिला तोंडघशी पाडू नको रे म्हाराजा."

यावर मात्र सगळे एकदम बोलले. गडीसुद्धा बोलले.

काहींनी नोंदणी रद्द केली, ते खरं. उरलेल्यांनी पेट्या नेल्या, शेजाऱ्यांसाठीही मागवल्या. साका निघायचा तो निघाला. लोक मला फोन करत आणि म्हणत, "काकांना द्या." मग "काका, एक पांढरं निघालं, राखणदाराला सांगा" अशी तक्रार होई. वडील पडवीत फेऱ्या मारत त्यांना पेंढ्यातल्या आढीपासून पिकवणीपर्यंत सगळं समजावत. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. थोडा हेवाही वाटला.

पावसाळ्यात करारवाला आला. चहा झाला, भातलावणीचं बोलणं झालं. मी स्वयंपाकघरात गाळणं हातात धरून कान लावला होता.

"औंदा नाय," वडील म्हणाले. "कलमं घरात ठेवतोय."

मला रडू आलं. तो माणूस गेल्यावर वडील रिकामी कपबशी घेऊन आत आले. माझ्या डोळ्यांकडे त्यांनी पाहिलं की नाही, कोण जाणे. कपबशी मोरीत ठेवता ठेवता म्हणाले, "पुढच्या साली फोनातल्या मानसांना आधीच सांगून ठेव. नारळाच्या टायमाला तोंडं उघडी ठेवा म्हनावं."