मागं ऐकू येतंय का?

उपदेशाला उभे राहिले की आमचे पाळकबुवा आधी कोटाच्या टोकानं चष्मा पुसायचे आणि शेवटच्या रांगेकडे बघून विचारायचे, "मागं ऐकू येतंय का?" चर्च एवढंसं, माणसं जेमतेम तीस. न ऐकू यायला काय झालं! पण साळूबाईचा होकार आल्याशिवाय बुवा पुढं सरकत नसत. ही एकटी म्हातारी मागच्या भिंतीला टेकून बसायची.

"येतंय, बुवा. लई चांगलं येतंय."

मी गावच्या शाळेत मास्तर. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचो. उपदेश लांबला की मला पेटीवरच डुलकी लागे. एकदा मी बुवांना चिडवलं, "लोक गाण्यांसाठी येतात. उपदेश जरा आटोपता घ्या की." दुसरे कुणी पाळक रागावले असते. हे हसले.

"मास्तर, गाण्यानं मन हलतं. उपदेशानं पाऊल हललं पाहिजे. नाहीतर मी घसा कशाला कोरडा करू?"

बहात्तर सालचा जून कोरडाच चालला होता. लोक घोडेगावच्या बाजारात जनावरं विकून येत होते. त्या रविवारी बुवांना आमची उतरलेली तोंडं बघवेनात. त्यांचा आवाज चढला, "या आठवड्यात देव पाऊस देणार! विश्वास असेल त्यानं आजच पेरावं!"

आम्ही सगळे मोठ्यानं 'आमेन' म्हणालो आणि घरी जाऊन जेवलो. पेरलं कुणीच नाही. पेरलं एकट्या साळूबाईनं. मडक्यात राखेत जपलेलं बाजरीचं बी तिनं होतं नव्हतं तेवढं धुळीत पेरलं.

चार थेंब पडले, कोंब वर आले आणि आठ दिवसांत करपून गेले. पुढं पाऊस आलाच नाही.

कोंब करपल्यानंतरच्या रविवारी बुवा उभे राहिले. चष्मा पुसला आणि सवयीनं विचारून बसले, "मागं ऐकू येतंय का?"

"येतंय की, बुवा. तवाबी आलं हुतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. बुवांनी बायबल मिटलं आणि ते खाली उतरले. पुन्हा कधी उपदेशाला उभे राहिले नाहीत.

साळूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि उन्हाळ्यात तिकडंच वारली. तिच्या जागी, भिंतीला टेकून, बुवा बसू लागले. नवे पाळक तरुण होते, आवाज खणखणीत. ते मागं कुणाला काही विचारत नसत.

एकदा मीच विचारलं, "बुवा, मागं ऐकू येतं का हो?"

"येतं," ते म्हणाले. "त्याचीच भीती वाटते, मास्तर."

वर्षभरात बुवाही गेले. शेवटची रांग रिकामी झाली. पेटी अजून मीच वाजवतो. उपदेश कितीही लांबला तरी आता मला डुलकी लागत नाही.