एका जोडीचा पट

आमच्या गुरुजींना मुंबई कधी पाहावीशी वाटली नाही, पण इंग्लंडातल्या एका घोड्यांच्या शर्यतीबद्दल ते असे बोलत, जणू ती राळेगावच्या पुढच्या फाट्यावरच भरते. त्यांनी शिकवलेल्या लढाया मी विसरलो. पुस्तकात नसलेली ही शर्यत तेवढी लक्षात राहिली.

“लॉर्ड-बिर्ड मांगून आले,” ते म्हणत. “पह्यले गावचेच लोक. हिवाळा सरला का घोड्यात किती दम उरला थे पाह्याले चिखलातून पयवायचे.” तिथे बहुधा पहिल्यापेक्षा दुसऱ्या आलेल्यालाच जास्त पैसे मिळत, कारण सगळ्यांची प्रवेश-फी त्याची. हे सांगताना गुरुजी खुलत. आमच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, त्यांची जोडी कधी पहिली आली नव्हती. आणि इंग्लंडातल्या त्या शर्यतीचा नियम असा, की एक वर्ष शर्यत चुकली तर ती कायमची बंद. म्हणून एका बर्फाळ साली कोणीच येईना, तेव्हा एक शेतकरी आपला घोडा हाती धरून सगळी वाट एकटाच चालला.

कोर्टाने पटांवर बंदी घातली तेव्हा गावाने थोडी हळहळ केली आणि क्रिकेटचे सामने ठेवले. गुरुजींनी मात्र पटाच्या दिवशी जोडीवर झूल घातली आणि ओसाड मैदानात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालवत नेली. ठाण्यातला जमादार आला.

“गुरुजी, पट लावून राह्यले का?”

“एका जोडीचा पट रायते का, जमादार? बैलं फिराले आनले.”

मग दरवर्षी हेच. पानठेल्यावरची पोरं विचारत, “गुरुजी, आज कोन जिंकलं?” गुरुजी गंभीरपणे सांगत, “मी दुसरा आलो.” एकदा अंगात ताप होता. मुलगा चिडला, “बाबा, काहून जीव देता? कोन पाह्यते?”

“कोनी पाहो न पाहो. खंड पडला त मंग पट नाही, नुसती जत्रा रायते.”

बंदी उठली. एका होतकरू पुढाऱ्याने पट लावला. डीजे आला, कमान आली, परंपरा आपणच वाचवली असे सांगणारे पाहुणे आले. फलकावर बैलांपेक्षा पुढाऱ्याचा चेहरा मोठा होता आणि खाली लिहिले होते, ‘भव्य शंकरपट, वर्ष पहिले’.

गुरुजी त्याच्याकडे गेले. “भाऊ, थे ‘पहिले’ तेवढं काढा. पट बंद पडलाच नोता.”

“गुरुजी, तुमचं त नुसतं फिरनं होतं न? थे कोन धरते?”

आजूबाजूचे हसले. मग त्यांच्या खांद्यावर शाल टाकली गेली, फोटो निघाला. मीही टाळ्या वाजवल्या. अशा वेळी हात आपोआप वाजतात. गुरुजींनी जोडी न पळवताच घरी नेली.

पुढच्या वर्षी पुढारी निवडणुकीत पडला. पटाचे नाव कोणी काढले नाही. पटाच्या दिवशी सकाळी मी गुरुजींकडे गेलो. बैल गोठ्यात रवंथ करत होते.

“गुरुजी, जोडी काढायची ना?”

“कायले?” ते म्हणाले. “पहिलं वर्ष त्यायचं झालं न? दुसरं बी त्यायलेच करू दे.”

त्यांनी बैल सोडले, बंडीला जुंपले आणि कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या काड्या आणायला ते वावराकडे निघून गेले.