दोघींचं तिनोला

मंडळी, आज घसा बसला होता, म्हणून ऑफिसमधून थेट इथल्या, दुबईच्या करामा भागातल्या आमच्या फिलिपिनो हॉटेलात गेले. तिथलं तिनोला, म्हणजे आलं, कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला घातलेलं गरम चिकन सूप, मी आणि माझी मैत्रीण वैशाली दर शुक्रवारी दोघींत एक मागवून पितो.

पहिल्या घोटालाच बरं वाटलं. तेवढ्यात वाढणारी ग्रेस म्हणाली, "मॅम, आज एकट्याच? तुमची फ्रेंड काल बाय करून गेली. फॉर गुड इंडियाला चाललीय ना! आम्ही सगळ्या रडलो."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तिथूनच वैशालीला फोन लावला.

"अगं, तुला कसं सांगणार होते? तू रडली असतीस, मग माझा पाय निघाला नसता."

"ग्रेससमोर बरा निघाला!"

मग ती हळूच म्हणाली, "परवा सकाळची फ्लाइट आहे."

सूप संपवलं. नेहमीइतकंच छान होतं, त्याचाही राग आला.

जवळच्या माणसालाच सगळ्यात शेवटी कळावं, हे प्रेम की परकेपणा? परवा डब्यात तिनोला घेऊन एअरपोर्टवर जाऊ, की जाऊच नको? खरं सांगा.